ज्यानं थांबवलं, त्यानंच सोडायचं

रिपोर्टमधलं ते वाक्य वाचलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ‘संबंधित डेव्हलपर ग्रामीण भागातून काम करतात. घरच्या अनियमित वीजपुरवठ्याच्या सोयीसाठी त्यांनी ही रचना केली आणि तीच या घटनेचं मूळ कारण ठरली.’ संबंधित डेव्हलपर म्हणजे मी. ग्रामीण भाग म्हणजे आमचं पिंगळी. आणि घटना म्हणजे एका रक्ततपासणी लॅबचं मशीन दोन तास थांबून राहिलं, ती. सोमवारपर्यंत मी खाली सही करायची होती. सही केली की घरून काम बंद, एक तारखेपासून पुण्यात हजर. नाही केली तर ‘पुढील कारवाई’. त्या ‘पुढील’चा अर्थ विचारायची गरज नव्हती.

मला पुण्याला जायचं नव्हतं, आणि त्याचं कारण एकच, दादा. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. ते विजेच्या खात्यात वायरमन होते. मी दहावीत असताना खांबावर त्यांना शॉक बसला आणि उजवा हात कोपरापासून काढावा लागला. आई चार वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून घरात आम्ही दोघंच. शर्टाची बटणं, डाव्या हाताची नखं, विळीवरचं सगळं, हे माझ्याकडे. एकदा त्यांना पुण्याला नेऊन पाहिलं होतं. आठ दिवस चौथ्या मजल्यावरच्या खिडकीत बसून राहिले आणि मग म्हणाले, “बाई, मला गावाकडं सोड. हितं मला कुनी वळखीत न्हाई, नुसता हात बघायलेत.” माझं लग्न झालेलं नाही. का, ते विचारू नये. या गोष्टीशी त्याचा संबंध नाही.

आता माझं काम काय ते सांगते. ते माझ्या लीडलाही, म्हणजे टीमच्या प्रमुखालाही, नीट समजलेलं नाही, आणि तरी त्यानं त्यावर चार पानी रिपोर्ट लिहिला, म्हणून मला ते सांगणं भाग आहे.

एका मोठ्या कॉम्प्युटरच्या पोटात अनेक खोटे कॉम्प्युटर चालवता येतात. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. आतल्या मशीनला वाटतं आपण स्वतंत्र आहोत, प्रोसेसर आपला, मेमरी आपली. आमची कंपनी अशी मशीनं चालवणारं सॉफ्टवेअर बनवते. मशीनच्या आत काही बिघडलं तर ते चालता चालता नेमक्या जागी थांबवून आत डोकावावं लागतं. थांबवायच्या त्या जागेला ब्रेकपॉइंट म्हणतात, आणि डोकावणारा माणूस जो प्रोग्राम वापरतो त्याला डीबगर. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोयच नव्हती. ती मी घातली. एकटीनं, सात महिने, पिंगळीतल्या आमच्या पुढच्या खोलीत बसून.

ब्रेकपॉइंट दोन तऱ्हेचे असतात. सॉफ्टवेअरचा म्हणजे चालत्या प्रोग्राममधला एक बाइट उचलायचा, आपल्याकडे जपून ठेवायचा, आणि त्याच्या जागी ‘थांब’ असं सांगणारा बाइट ठेवायचा. असे हवे तेवढे ठेवा. पण मशीन नुकतं सुरू होत असताना प्रोग्राम मेमरीत उतरलेलाच नसतो. तो नंतर येऊन तुमच्या खुणेवरच बसतो आणि खूण पुसून जाते. तिथे हार्डवेअरचा ब्रेकपॉइंट लागतो. प्रोसेसरमध्येच चार जागा असतात, त्यात पत्ता लिहून ठेवायचा. प्रोग्रामच्या अंगाला हात लावायचा नाही. चार म्हणजे चारच. त्यावरही आतलं मशीन कधी स्वतःसाठी हक्क सांगतं. मग कुठली खूण कुणाची हे बाहेर बसून ओळखायचं. आपली असेल तर मशीन थांबवायचं, त्याची असेल तर मुकाट्यानं त्याला परत द्यायची. एवढ्यातच माझे दोन महिने गेले. आधी मी सगळ्याच खुणा आपल्या समजून गिळत होते, आणि आतलं मशीन बिचारं स्वतःच्या चुका शोधायला बसलं की त्याच्या हाती काही लागत नसे. हे सगळं मी दुरुस्त केलं. त्याबद्दल रिपोर्टमध्ये एक ओळ नाही.

भांडण झालं ते एका साध्या प्रश्नावरून. डीबगर दुसऱ्या कॉम्प्युटरवरून नेटनं जोडलेला असतो. मशीन थांबलेलं असताना ती जोडणी तुटली तर काय करायचं?

लीड म्हणाला होता, “सगळे ब्रेकपॉइंट काढायचे आणि मशीन सोडून द्यायचं. कनेक्शन गेलं म्हणजे माणूस गेला ना? मग कशाला अडवून ठेवायचं?”

पुण्यात माणूस गेल्यावर कनेक्शन जातं. आमच्याकडे माणूस जागेवर बसलेला असतो आणि कनेक्शन जातं. लाईट जाते, इन्व्हर्टर चालू होतो, तोवर टॉवर गार पडतो. दिवसातून चार वेळा मी काम अर्धवट टाकून परत जोडायची, तेव्हा मशीन भलतीकडे धावत गेलेलं असायचं. म्हणून मी उलटा नियम लिहिला. जोडणी तुटली तरी मशीन थांबलेलंच राहील. ज्यानं थांबवलं, त्यानंच परत येऊन सोडायचं. गावच्या लाईटमुळे लिहिला का? हो, अर्धा. बाकीचा अर्धा मी वायरमनच्या घरात वाढले म्हणून. वायरमन खांबावर चढण्याआधी सबस्टेशनात जाऊन परमिट घेतो. रजिस्टरमध्ये सही होते आणि ऑपरेटर लाईन बंद करतो. मग ज्यानं परमिट घेतलं त्यानंच जाऊन ते परत करायचं. तोवर गावानं कितीही बोंबा मारल्या तरी लाईन चालू करायची नाही. मला हे बाराखडीच्या आधीपासून पाठ आहे.

आणि लीडनं माझा नियम मंजूर केला होता. तारखेसकट त्याच्या नावाची मंजुरी कोडच्या नोंदीत अजून दिसते. काम चालतंय तोवर ‘आपल्या टीमनं केलं’, आणि अडलं की ‘संबंधित डेव्हलपर’. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याचं बरं असतं, त्याच्या पायात काटा मोडत नाही.

पण माझा राग लीडवरच होता असं म्हणणं खोटं होईल. राग जुना होता. दादांचा हात गेला तो असाच, असं मी चौदा वर्षं मानत आले होते. दादा परमिट घेऊन खांबावर चढलेले, आणि तिकडे ऑपरेटरनं लाईन चालू केली. चौकशीच्या कागदावर मात्र आलं, ‘कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा’. त्या कागदावर दादांनी डाव्या हातानं, पहिलीतल्या पोरासारख्या अक्षरात सही केली. मी पंधरा वर्षांची होते. कागदाला शिव्या देऊन काय होणार, म्हणून मी त्या माणसाला दिल्या. ऑपरेटर परभणीच्या दवाखान्यात दादांना बघायला आला होता, हातात मोसंब्यांची पिशवी. व्हरांड्यात सगळे पाहुणे बसलेले. वयानं माझ्या काकाएवढा माणूस, पण मी सरळ अरे-तुरेवर आले. म्हणाले, “माझ्या दादाचा हात खाल्लास, आन् आता मोसंबी चारायला आलास का?” पिशवी हिसकून त्याच्या अंगावर फेकली. त्यानं वाकून एकेक मोसंबी वेचली आणि गेला. वर्षभरात त्यानं सबस्टेशनातली नोकरी सोडल्याचं कानावर आलं. पेडगावला स्वतःच्या शेतात राबतो म्हणे. मला बरं वाटलं होतं, हे लपवत नाही.

आणि आता परत तसाच कागद, या वेळी माझ्या नावाचा. मी ठरवलं, दादांनी सही केली, मी करणार नाही.

शनिवारी सकाळी लॉग काढून बसले. डीबगरनं मशीनला कधी काय सांगितलं याची ओळ न् ओळ त्यात असते. लॅबच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये रिपोर्ट अडकत होते म्हणून आमच्या सपोर्टमधल्या एका बाईनं चालू मशीनला डीबगर जोडला होता. तिनं ब्रेकपॉइंट ठेवला, मशीन थांबलं, आणि थोड्या वेळानं तिची जोडणी तुटली. इथपर्यंत रिपोर्टमध्ये होतं. पुढचं कुणी पाहिलंच नव्हतं. जोडणी तुटण्याच्या आधी तिनं मेमरीतल्या दोन गोष्टी हातानं बदलायला घेतल्या होत्या, पेशंटचा क्रमांक आणि नमुन्याचा क्रमांक. पहिला बदलला होता. दुसरा राहिला होता.

मी खुर्चीतून उठलेच. लीडच्या म्हणण्याप्रमाणे मशीन आपोआप सुटलं असतं, तर एकाच्या रक्ताचा रिपोर्ट दुसऱ्याच्या नावावर छापला गेला असता. लोक दोन तास काउंटरवर ओरडले असतील, पण चुकीचा कागद घेऊन कुणी घरी गेलं नाही. ते माझ्या नियमामुळे. चोर सोडून संन्याशाला सुळावर देतात ते असं.

मग मी एक काम केलं, त्याची आजही लाज वाटते. त्या बाईला फोन लावला आणि गोड आवाजात विचारलं, “त्या दिवशी नेट गेलं होतं का हो तुमचं?” ती साधी निघाली. म्हणाली, “नाही मॅडम, शाळेतून फोन आला, मुलीला खूप ताप आहे म्हणून. मी लॅपटॉपचं झाकण लावलं आणि पळाले. मला वाटलं, मशीन आपोआप चालू होईल. दवाखान्यातून आल्यावर उघडलं तर सगळा गोंधळ. मग तो क्रमांक पहिल्यासारखा केला आणि सोडलं. मॅडम, कुणाला सांगू नका ना, माझी नोकरी अजून पक्की झालेली नाही.” मी “छे हो, काळजी करू नका” म्हणाले, फोन ठेवला, आणि तिचं बोलणं शब्दशः उतरवून काढलं. ताप, शाळा, झाकण, सगळं. असं झणझणीत उत्तर लिहिलं की लीडच्या डोळ्यांतून पाणी यावं.

दादा दारातल्या खुर्चीवर बसले होते. म्हणाले, “लिहायलीस का बटनं फोडायलीस?”

मी त्यांना सगळं वाचून दाखवलं. मध्ये मध्ये समजावून सांगितलं. त्यांना कॉम्प्युटरचं कळत नसलं तरी थांबवणं आणि सोडणं कळतं. शेवटपर्यंत ऐकून त्यांनी विचारलं, “त्या बाईचं काय व्हईल?”

“जाईल नोकरी. मग काय करू?”

“लेकराला ताप व्हता म्हनं.”

“दादा, झाकण लावायच्या आधी दोन बटणं दाबायची होती तिनं. ती तिची चूक. ती मी का माझ्या अंगावर घेऊ?”

“बरं,” ते म्हणाले. “पर दोन तास दुसऱ्या कुनालाच ते सोडता येत न्हवतं का?”

“नाही. तोच तर नियम आहे. ज्यानं थांबवलं त्यानंच सोडायचं. तुमच्या परमिटसारखं.”

“परमिटचं तसं नसतंय, बाई. परमिट घेतलेला मानूस खड्ड्यात पडला, त्याला साप चावला, मरून गेला, मंग? गाव जनमभर अंधारात ठिवायचा का? तवा साहेब सोता खांबाजवळ जातेत. मानूस खाली हाय का बघतेत, तारंवर काही राह्यलं का बघतेत. मंग रजिस्टरला सोताची सही करून चालू करायला सांगतेत. हापिसात बसून न्हाई करत, पर करतेत.”

ते बरोबर होतं. कुलूप मी घातलं होतं, पण दुसरी किल्ली कुणाकडेच ठेवली नव्हती. आत बघून, खात्री करून मशीन सोडायची वाट दुसऱ्या जबाबदार माणसाला द्यायला हवी होती. सात महिन्यांत मला ते सुचलं नाही, कारण मी नियम लिहीत होते तेव्हा डोळ्यांसमोर लॅब नव्हती, तो ऑपरेटर होता. कुणालाही, कधीही, लाईन चालू करता येऊ नये, एवढंच मला हवं होतं. पण चूक कळली की माणूस शहाणा होतोच असं नाही. मी आणखी चिडले.

“मला नियम शिकवू नका तुम्ही. त्या माणसानं नियम पाळला असता तर तुमचा हात आज जागेवर असता!”

दादा अंगणाकडे बघत म्हणाले, “परमिट घेतलंच न्हवतं मी.”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

“सबस्टेशन लांब, दोन गावं पलीकडं. पेरण्या चालू, दोन दिसांपासून लाईन बंद, लोकं डोक्यावर बसलेले. कोन जातंय सहीला? मी फोनवरच म्हन्लो, बंद कर. काम झालं की मिसकॉल देतो, मिसकॉल आला की चालू कर. आमी नेहमीच तसं करायचो. समदेच करायचे.” ते थांबले. “वर गेल्यावर मला शंका आली, बाजूची तार बी बंद हाय का न्हाई. इचारावं म्हनून त्याला फोन लावला. एक रिंग गेली आन् रेंज गेली. तिकडं त्याला काय दिसलं? मिसकॉल. त्यानं मी सांगितलं तेच केलं, बाई.”

चौकशीच्या कागदावर जे लिहिलं होतं ते खरं होतं, आणि दादांनी खऱ्यावर सही केली होती.

मी किती ओरडले ते शेजारच्यांना विचारा. चौदा वर्षं! चौदा वर्षं मी त्या माणसाला घराघरात शिव्या घातल्या आणि तुम्ही शेजारी बसून ऐकलंत? आईला ठाऊक होतं का? “व्हतं,” दादा म्हणाले. म्हणजे फक्त मलाच नव्हतं.

“मग मला का नाही सांगितलं?”

“तू लय चिडली व्हतीस. पयलं म्हन्लं, जरा निवली की सांगू. मंग राहूनच गेलं.” आणि मग, माझ्याकडे न बघता, “खरं सांगू का? बरं वाटायलं व्हतं. हात गेलता, काम गेलतं, आन् कुनीतरी आपल्या बाजूनं भांडायलंय. कागदावर खरं लिहून दिलंच व्हतं मी. घरात तेवढं राह्यलं.”

त्या दिवशी मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांचं जेवण वाढून ठेवलं आणि आतल्या खोलीत जाऊन बसले.

रविवारी सकाळी स्कूटी काढली. परभणी ओलांडून पेडगावला गेले. कशासाठी, ते मलाही नक्की सांगता आलं नसतं. माफी मागायला म्हणावं तर अंगात राग मावत नव्हता. दादा खोटं बोलत असावेत अशीही एक वेडी आशा होती. घर विचारत विचारत पोचले. ऑपरेटर ओट्यावर बसून फवारणीचा पंप खोलून साफ करत होता. केस पांढरे झालेले. मी कुणाची कोण हे सांगायच्या आधीच उठून उभा राहिला आणि म्हणाला, “दादा बरे हायत ना?” मी दारात आले म्हणजे दादांचं काहीतरी बरंवाईट झालं, असं त्याला वाटलं असणार.

“बरे आहेत,” मी म्हणाले. “मला मिसकॉलचं काल कळलं.”

त्याच्या हातातला पाना तसाच राहिला. “काल?”

“काल.”

तो खाली बसला. “मला वाटलं, तुला ठाऊक हाय. ठाऊक असून बी तू दवाखान्यात तसं बोललीस, असंच धरून चाललो मी. म्हन्लं, बापाचा हात गेलाय, लेकरू बोलनारच.”

मी विचारलं, “तुम्ही का नाही कुणाला सांगितलं? तुमची तर काहीच चूक नव्हती.”

“व्हती ना. दादा नेहमी दोनदा वाजवायचे. त्या दिशी एकच रिंग आली. मी म्हन्लं, दुसऱ्यांदा रेंज लागली नसंल, आन् टाकला स्विच वर.” तो पंपाकडे बघत होता. “येकदा परत फोन करून इचारलं असतं तर? एवढंच तर करायचं व्हतं. मंग ती खुर्ची मला नको वाटायली.”

चहा घेतल्याशिवाय त्यानं मला निघू दिलं नाही. मी “माझं चुकलं, काका” म्हणाले ते कप खाली ठेवताना, आणि ते त्याला ऐकू गेलं की नाही कोण जाणे, कारण तो आत कुणाला तरी साखरेबद्दल सांगत होता. परत विचारायची माझी हिंमत झाली नाही.

घरी आले ती सरळ कॉम्प्युटरपुढे बसले. कालचं उत्तर वाचवेना. कुणीतरी पंधरा वर्षांची पोरगी पिशवी फेकतेय असं ते वाटत होतं. सगळं पुसलं. आधी सपोर्टमधल्या बाईला फोन केला आणि सांगितलं, “काल मी तुम्हाला फसवायला फोन केला होता. लॉगमध्ये क्रमांकाचं दिसतंय. ते मला लिहावं लागेल, नाहीतर उद्या दुसऱ्याकडून तेच होईल. पण झाकण लावलं तर पलीकडे काय होईल, हे तुम्हाला कुठेच सांगितलेलं नव्हतं, हेही लिहिणार आहे.” ती रडली.

मग उत्तर लिहिलं. तुटलेल्या जोडणीला निरोप समजून मशीन आपोआप सोडणं चूक आहे. त्या दिवशी काम अर्धवट होतं, हा लॉग बघा. पण आत बघून, खात्री करून, आपल्या सहीनं मशीन सोडण्याची वाट मी दुसऱ्या कुणालाही ठेवली नाही, आणि वापरणाऱ्याला ते सांगितलंही नाही. ही चूक माझी आहे. तिचा पिंगळीच्या लाईटशी संबंध नाही, ‘ग्रामीण’ हा शब्द काढावा. माझ्या रचनेला मंजुरी कुणाची होती, तेही लिहावं. खाली सही केली, उजव्या हातानं, स्वच्छ अक्षरात.

सोमवारी लीडचा व्हिडिओ कॉल आला. चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं. “म्हणजे चूक तुझी होती, हे तू मान्य करतेस तर.”

“माझी मी केली. मंजुरीची तुझी आहे, ती तू कर.”

“हे बघ, ते प्रोसेसचं आहे, त्यात व्यक्तीचं नाव घेत नाहीत.”

“मग माझं कसं घेतलंस रे?” मी इतक्या जोरात म्हणाले की त्यानं आवाज कमी केलेला मला दिसला. तो म्हणाला, अशा भाषेत बोलणार असशील तर कॉल ठेवतो. मी म्हणाले, ठेव. अंतिम रिपोर्ट संध्याकाळी आला. ‘ग्रामीण’ शब्द नव्हता. दुसऱ्या किल्लीची माझी सूचना होती, ती ‘टीमनं सुचवली’ होती. सपोर्टच्या बाईला ताकीद मिळाली, नोकरी राहिली. मंजुरी देणाऱ्याचा कुठे उल्लेख नव्हता. माझी चूक तेवढी माझ्या नावानिशी, ठळक अक्षरात होती, आणि त्याखाली ओळ, एक तारखेपासून पुण्यातून काम करावं. शनिवारचं ते झणझणीत उत्तर पाठवलं असतं, तर लीडला त्या बाईला बळी देऊन प्रकरण मिटवता आलं असतं आणि मी पिंगळीत राहिले असते. एवढं मला कळतं.

दादांशी मी दोन दिवस कामापुरतंच बोलत होते. जेवायला बसल्यावर सांगितलं. मी काय लिहिलं, त्याचं काय झालं, एक तारखेला जायचंय, तुम्हाला यायचं तर या, नाहीतर स्वयंपाकाला बाई बघते. मला वाटलं होतं, ते म्हणतील, चांगलं केलंस. निदान पेडगावचा माणूस कसा आहे, ते तरी विचारतील.

ते ताटाकडे बघत म्हणाले, “मंग मी तुला सांगायलाच नको व्हतं.”

मी ताटावरून उठले. म्हणाले, अजून? अजून तुम्हाला तेच वाटतं? तो माणूस तिकडे चौदा वर्षं एका रिंगेचा हिशेब करतोय आणि तुम्हाला तुमच्या शर्टाच्या बटणांची काळजी? तोंडाला येईल ते बोलले. मग मागच्या दारात जाऊन उभी राहिले. रिपोर्ट आल्यापासून नेमकं तेच वाक्य माझ्याही मनात होतं, मला सांगायलाच नको होतं. दादांनी ते तोंडानं म्हटलं एवढंच.